पत्रिका जुळताना फिरणारं चाक

माझ्या सासरी पत्रिका जुळवायला माणसं येतात. सासरे जोशी आहेत. जळगाव जामोदच्या बाजारापासून दोन गल्ल्या आत आमचं घर, आणि घराची पुढची खोली म्हणजे त्यांची बैठक. मी सून म्हणून आले तेव्हा तिथं एक बुटकं टेबल, पंचांगांची चळत, एक लांब सतरंजी आणि खडखडणारा पंखा एवढंच होतं. कॉम्प्युटर माझ्या मागून आला, माहेरच्या सामानातून. त्याच्यावर मी नोकरीचं काम करणार होते. प्रत्यक्षात त्याच्यावर सासऱ्यांचे ग्रह येऊन बसले आणि मी त्या ग्रहांच्या चाकरीला लागले.

मी अमरावतीला इंजिनिअरिंग केलं. शेवटच्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीनं मला निवडलं होतं. त्याच उन्हाळ्यात लग्न ठरलं. "लग्न झाल्यावर कर ना नोकरी, नाही कोण म्हणते?" असं दोन्हीकडचे म्हणाले. आणि खरोखरच नाही कोणी म्हणालं नाही. आमच्याकडे तशी पद्धतच नाही. आधी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, मग घराचा वरचा मजला बांधायला काढला, मग नवऱ्याची बदली होते की काय म्हणून सगळे थांबले. बदली झाली नाही. तो सोनाळ्याच्या शाळेत शिक्षक आहे, मोटरसायकलनं जातो-येतो. पुण्याची जागा मात्र गेली.

डोकं गंजून जाईल या भीतीनं मी सासऱ्यांसाठी पत्रिका जुळवायचं सॉफ्टवेअर लिहिलं. कोणी सांगितलं नव्हतं. मुलाची जन्मतारीख, वेळ, गाव टाकायचं, मुलीचं टाकायचं, बटण दाबायचं. छत्तीसपैकी किती गुण जुळले ते पुढ्यात. सासऱ्यांना ते हातानं काढायला तासभर लागे. माझं सॉफ्टवेअर पापणी लवायच्या आत काढायचं. मी महिनाभर जुन्या पत्रिका घालून ताळा केला, एकही चूक सापडली नाही. मला वाटलं, आता सासरे खूश होतील.

पहिल्या दिवशी सोनाळ्याचे एक संत्रावाले आले, मुलाला घेऊन. समोर मुलीकडचे बसलेले. सासऱ्यांची एक रीत आहे. पत्रिका नुसती पाठवून जमत नाही. दोन्ही घरांनी येऊन त्यांच्या सतरंजीवर बसायचं, मुलामुलीला सोबत आणायचं, आणि गणित होईपर्यंत उठायचं नाही. लोक कुरकुरतात, पण येतात. तर सासऱ्यांनी बटण दाबलं आणि आकडा आला, एकवीस. संत्रावाले अजून मांडी घालून नीट बसलेही नव्हते.

"झालं?" ते म्हणाले. "गुरुजी, एवढ्यात? याच्यानं काही पाह्यलंच नसंल."

चहा यायच्या आत ते उठले. पुढं कळलं की त्यांनी खामगावला जाऊन दुसऱ्या जोशांकडून हातानं गणित करून घेतलं. तिथंही एकवीसच आले, पण त्या एकवीसवर त्यांचा विश्वास बसला.

सासरे मला म्हणाले, "तुह्या मशीनले जरा दम नाही काय? लोकाइच्या पोरीचा जलम ठरून राह्यला इथं. थोडं थांबून सांगत जाय म्हणा त्याले."

मला राग आला. चार वर्षं मी काम लवकर कसं उरकावं हे शिकले होते, आणि आता झालेलं काम झालं नाही असं दाखवायचं होतं. पण या घरात माझ्या रागाला टेकायला जागा नव्हती. नवऱ्याला सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, "बाबाले पाह्यजे तर करून दे ना." तो वाईट माणूस नाही. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

मग मी पडद्यावर एक चाक बसवलं. कॉम्प्युटर काही काम करत असला की मधोमध गोल फिरतं ना, तसलं. खाली लिहिलं, 'कृपया थांबा'. चाक थोडा वेळ फिरायचं आणि मग आधीच निघालेला आकडा दाखवायचा. लबाडीच होती ती, पण फिरायची छान.

पण चाकाचंही आमच्याकडे शास्त्र निघालं. वरवट बकालहून एक कुटुंब आलं होतं. मुलाची आजी पुढंच बसली होती, डोळे अगदी तल्लख. चाक फिरायला लागलं तशी ती पुढं वाकली, बोटानं हवेत गोल काढून पाहिला आणि पदर सावरून उभीच राहिली.

"गुरुजी, हे उलटं फिरून राह्यलं," ती म्हणाली. "प्रदक्षिणा अशी घालते काय कोणी? हे तं श्राद्धाचं झालं. शुभ कामात उलटं? चाला रे, उठा."

आणि ते गेले. सहा कप चहा सतरंजीवर तसाच राहिला. खरोखर चाक डावीकडून फिरत होतं. चाकाच्या गणितात मी एक वजाचं चिन्ह जास्तीचं घातलं होतं, आणि इंजिनिअरिंगच्या परीक्षेत अशा चाकाला कोणी दिशा विचारत नाही. सासूबाईंनी कप उचलले आणि त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत. वजाचं चिन्ह खोडलं, चाक सुलटं झालं, आणि गंमत अशी की तेव्हापासून सासऱ्यांचं आणि माझ्या सॉफ्टवेअरचं नाव झालं. "त्याइच्या सुनेनं केलं, घरीच बसून," असं लोक सांगू लागले. घरीच बसून हे ते कौतुकानं म्हणत. मी ते ऐकून आत निघून जायची.

आजूबाजूच्या गुरुजींनी ते मागून नेलं. मग फोन सुरू झाले. गणितावर कोणाचंच काही म्हणणं नव्हतं, सगळ्यांचं म्हणणं चाकावर. एकाला चाकाऐवजी समई पाहिजे होती. एकाला स्वस्तिक फिरवायचं होतं. सासरे म्हणाले, "स्वस्तिक काय भवरा आहे?" एकाला घंटा वाजायला हवी होती. एका गुरुजींना किती टक्के काम झालं तो आकडा वाढताना दाखवला तर ते म्हणाले, "शंभरावर काऊन थांबते? एकशे आठपर्यंत जाऊ द्या." मी एकशे आठपर्यंत जाऊ दिलं. मग मला वाटलं, निदान काही खरं तरी दाखवावं, म्हणून मी आठ कूटांची नावं एकेक करून उजळतील असं केलं. वर्ण, वश्य, तारा, अशी. दुसऱ्याच दिवशी वरवटच्या गुरुजींचा फोन.

"बाई, थे चौथं नाव लय मोठ्या अक्षरात येते."

"मग?"

"मंग काय, समोर बायामाणसं बसून राह्यतात ना. जरा बारीक करा थे."

मी योनी बारीक केली. नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला, मीही हसले. असे दिवसही होते, नाही म्हणत नाही.

मार्गशीर्षात कॉलेजातल्या मैत्रिणीचा फोन आला. ती नागपूरच्या एका कंपनीत होती. त्यांना माझ्यासारखं काम करणारं कोणी हवं होतं. मी त्यांना हेच सॉफ्टवेअर दाखवलं, दुसरं दाखवायला होतं काय? साहेब फोनवरच खूश झाले. पाच दिवस नागपुरात, शनिवार-रविवार घरी; राहायला मावशी होती. मी घरात सांगितलं तेव्हा पुन्हा कोणी नाही म्हणालं नाही. सासूबाई म्हणाल्या, "जाय ना, बरं होईल. बाबाइले दिवस पाहू दे." नवरा म्हणाला, "बाबाले विचार." आणि सासरे पंचांग उघडून म्हणाले, "पाहू."

त्यांना दिवस मिळेना. नागपूर आमच्या पूर्वेला. सोमवारी आणि शनिवारी पूर्वेला दिशाशूल, निघायचं नाही. मंगळवारी नवीन काम नको. त्यातून एखादा बुधवार बरा निघालाच तर पंचक. मग पौष लागला, पौषात कोणी काही सुरू करत नाही. पौष संपला तर म्हणाले, लग्नसराई तोंडावर आहे, एवढे सगळे गुरुजी तुझ्या भरवशावर, त्यांचं चाक अडलं तर कोणाला विचारतील? मग होळीच्या आधीचे आठ अशुभ दिवस. मी नागपूरला दरवेळी नवी तारीख सांगायची आणि दरवेळी ती मोडायची. साहेबांचा आवाज दर फोनला थोडा थंड व्हायचा.

गुरुजी माझ्या भरवशावर, हे ऐकून मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अडकण्याचं कारण चाक असेल तर चाकच त्यांच्या हाती द्यावं! मी 'आपल्या मनाप्रमाणे' नावाचा एक भाग केला. ज्याला जे हवं ते त्यानं स्वतः ठरवायचं. चाक की समई की कलश, रंग कोणता, खाली वाक्य काय, घंटा वाजवायची की नाही, किती वेळ थांबायचं. प्रत्येक गोष्टीपुढं मराठीत समजावून लिहिलं. असं मन लावून मी कधी काही केलं नव्हतं. तुरुंगातला माणूस भिंत पोखरतो म्हणतात, तसं चाललं होतं माझं. दुपारी सगळे झोपले की मी बसायची, पंखा खडखडायचा, आणि मी प्रत्येक गुरुजीला माझ्यावाचून चालेल अशी व्यवस्था लिहीत जायची.

ते सगळ्यांना दिलं आणि फोन दुप्पट झाले. आधी ते 'समई बसवून द्या' म्हणत. आता म्हणत, 'बाई, इथं कायी कायी येऊन राह्यलं, कुठी दाबू?' एकानं वाक्य बदलता बदलता बटणावरचंही पुसलं. एकानं थांबायच्या वेळात एवढा मोठा आकडा घातला की मुलाकडचे जेवून आले तरी समई जळतच होती. सोय म्हणून जे जे दिलं त्याचा एकेक फोन झाला. एकदा मी फोन ठेवून मोरीत गेले, नळ सोडला आणि रडले. कोणी मेलं नव्हतं, कोणी मारलं नव्हतं, रडायला कारण काय सांगणार होते मी? चाकासाठी रडते म्हणून?

सासऱ्यांनी मात्र 'आपल्या मनाप्रमाणे'मध्ये काही बदललं नाही. ते जुन्याच चाकावर होते. एका सकाळी त्यांनी मला बैठकीत बोलावलं.

"वेळ आधी ठरवून मले जमत नाही," ते म्हणाले. "कवा लवकर होते, कवा उशीर लागते. असं कर, म्या म्हणीन तवाच थांबलं पाह्यजे."

"म्हणजे कसं?"

"मंधात म्या कायतरी दाबीन, तवाच आकडा आला पाह्यजे. तोवर फिरू दे त्याले."

मी त्यांना कीबोर्डवरची खालची लांब पट्टी दिली. ती दाबेपर्यंत चाक फिरत राहील. मला वाटलं, म्हातारपण. हातात सूत्रं राहिली की बरं वाटतं. पडदा त्यांनी आता आपल्याकडं वळवून घेतला होता, समोरच्यांना फक्त त्याची पाठ आणि सासऱ्यांचा चेहरा दिसायचा. चाक चालू आहे असं ते तोंडानं सांगायचे, "ग्रह पाहून राह्यले, बसा." आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचे. कपाशीचं काय, पाणी कुठवर आलं, मुलगी काय शिकली. मुलीलाच सांगायचे, "बाई, थो तांब्या दे इकडं."

होळी झाल्यावर संग्रामपूरकडची दोन घरं आली होती. मुलगा सरकारी नोकरीत, दोन्हीकडचे मनानं जवळजवळ लग्न लावून आलेले. मी चहा घेऊन गेले तेव्हा सासऱ्यांनी पट्टी दाबून झाली होती. टेबलावर ट्रे ठेवताना माझी नजर पडद्यावर गेली. सव्वीस गुण. दोष कुठंच नाही, नाडीपुढंसुद्धा हिरवी खूण. मी मनात म्हटलं, चला, पेढे आणावे लागणार.

सासऱ्यांनी चष्मा सावरला आणि शुद्ध मराठीत बोलले. पोथीपुढं ते शुद्ध बोलतात, बोली घरापुरती.

"नाडीदोष आहे," ते म्हणाले. "एकच नाडी. मी हे लग्न सुचवणार नाही."

मुलाचे वडील काही उपाय, शांती वगैरे विचारू लागले. सासऱ्यांनी मान हलवली. ते लोक गेले.

माझ्याच सॉफ्टवेअरमध्ये चूक! सासऱ्यांनी मनात हातानं गणित केलं असेल आणि त्यांना बरोबर दिसलं असेल, मशीन चुकलं असेल, असं मला वाटलं. सगळी दुपार मी त्या दोन पत्रिका घेऊन बसले. पंचांगात नक्षत्रं पाहिली, कागदावर मांडली, नाडीचं कोष्टक अक्षर अक्षर तपासलं. मुलाची आद्य, मुलीची अंत्य. चूक नव्हती. नाडी वेगळी होती, वेगळीच होती. मग वाटलं सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला असेल, त्यांना दिसलं नसेल. ते चहाला उठले तेव्हा मी कागद पुढं केला.

"बाबा, सकाळची नाडी एक नव्हती. सव्वीस गुण होते."

त्यांनी कागदाकडं पाहिलंसुद्धा नाही. बशीत चहा ओतला. "मले दिसलं ना," ते म्हणाले.

"मग काऊन मोडलं?"

"थ्या पोरीनं एकदा तरी वर पाह्यलं काय? तांब्या दे म्हटलं तं देल्ला, पण डोये खालीच. तिची माय दोनदा कोपरानं डिवचून राह्यली तिले, हस म्हणून. तिले नाही कराचं हे लगन, पोरी."

"तसं तिनं सांगावं मग."

"सांगितलं असंल ना घरी. ऐकत नसतीन." त्यांनी बशी तोंडाला लावली. "पोरीचं नाही ऐकत. ग्रहाचं ऐकतात."

मग त्यांनी सांगितलं की हातानं गणित करत तेव्हा हे सोपं होतं. अर्धं लक्ष कागदावर, अर्धं मुलीवर. तासाभरात कळून येई. माझ्या सॉफ्टवेअरनं तो तासच खाल्ला होता. सतरंजी, चहा, सगळ्यांनी येऊन बसायची रीत, सगळी त्या तासासाठी. चाक त्यांनी लोकांच्या विश्वासासाठी मागितलं नव्हतं, किंवा तेवढ्यासाठी मागितलं नव्हतं.

मला त्यांचा अभिमान वाटला. खरंच सांगते, त्या संध्याकाळी भाकरी थापताना मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. इतकी वर्षं त्या खोलीत बसून या माणसानं कोणाकोणाच्या मुली सोडवल्या असतील! तवा तापला होता, भाकर फुगली होती, आणि ती उलटताना माझा हात तसाच राहिला. कारण त्या सतरंजीवर मी पण बसले होते. आई डावीकडं, बाबा उजवीकडं, समोर नवरा आणि सासूबाई. पुण्याच्या कंपनीनं निवडल्याला आठवडाही झाला नव्हता. सासरे कागदावर आकडे मांडत होते आणि मधूनमधून चष्म्यावरून माझ्याकडं बघत होते. मला वाटलं होतं, सून गोरी आहे का बघत असतील. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "अठ्ठावीस. उत्तम."

भाकर जळली. सासूबाई म्हणाल्या, "लक्ष कुठी आहे तुह्यं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आमच्या दोघांच्या पत्रिका कॉम्प्युटरमध्ये घातल्या. इतक्या वर्षांत कधी घातल्या नव्हत्या. अठ्ठावीसच आले. त्या दिवशी त्यांनी नुसता गणिताचा आकडा सांगितला होता.

त्यानंतर मला घरात श्वास पुरेना. माणसं तीच, खोल्या त्याच, कोणी वाकडं बोललं नाही, तरी मला प्रत्येक दारात कोणीतरी उभं आहे असं वाटायचं. सासरे 'पोरी' म्हणून हाक मारायचे ते नकोसं व्हायचं. विचारावं वाटे आणि धीर होत नसे. मी त्यांच्याशी आधीसारखीच बोलायची, गोळ्या वेळेवर द्यायची, कीबोर्ड फडक्यानं पुसून ठेवायची. ते खोटं बोलतील याची मला भीती वाटत नव्हती. ते खरं बोलतील याची भीती वाटत होती.

चैत्रात नागपूरच्या साहेबांचा फोन आला. सरळ माणूस. "मॅडम, या सोमवारी बसताय का? नसाल तर मी दुसऱ्या कोणाला घेतो. राग मानू नका," म्हणाले. मी म्हटलं, संध्याकाळी कळवते.

दिवेलागणीला सासूबाई तुळशीपाशी होत्या. नवरा अजून शाळेतून यायचा होता. सासरे बैठकीत एकटेच बसले होते, कॉम्प्युटर बंद. मी त्यांच्यापुढं सतरंजीवर जाऊन बसले, जिथं लोक बसतात तिथं. त्यांना सांगितलं, सोमवारी गेले नाही तर ही जागा गेली, रविवारी निघायला हवं. त्यांनी नेहमीसारखा चष्मा लावला आणि पंचांग ओढलं.

"या पंधरवड्यात तं…" त्यांनी सुरुवात केली.

मी पंचांगावर हात ठेवला. असं त्या घरात कोणी कधी केलं नसेल.

"बाबा, मी इथं बसले होते तेव्हा तुम्ही माझ्या तोंडाकडं पाहिलं नव्हतं का?"

बाहेर सासूबाईंची घंटी वाजली आणि थांबली. मग त्यांनी चष्मा काढला.

"पाह्यलं होतं," ते म्हणाले. "तुह्या चहावर साय धरली होती. तू कप उचललाच नाही."

मला वाटलं होतं ते नाही म्हणतील, किंवा आठवत नाही म्हणतील. मी विचारलं, "मग?"

"मंग काय. पोरगं माह्यं होतं ना." ते माझ्याकडं बघत नव्हते, माझ्या हाताकडं बघत होते. "शिकलेली पोरगी, चांगलं घर. अशी पुन्हा भेटते काय, असं वाटलं. वाटलं, रमंल हळूहळू."

मला ओरडायचं होतं. ओरडले नाही.

"आणि आता? आता काऊन अडवून राहिले मला? माझ्यासाठी एक दिवस निघत नाही तुमच्या पंचांगात?"

"त्याच्याच पायी तं निघत नाही, पोरी. तवा म्या पाह्यलं होतं ना. तू गेली तं वापस येशील का नाही, हे या घरात म्या एकट्यालेच माहीत आहे. पोराले नाही माहीत. तुह्या सासूले बी नाही."

'येईन ना बाबा, शनिवारी येईन' हे माझ्या जिभेवर होतं. सुनेनं तेच म्हणायचं असतं, आणि ते म्हटलं असतं तर सगळं सोपं झालं असतं. नवऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढं आला. योनी बारीक केली त्या दिवशी हसला होता तसा. मी खूप शोधलं स्वतःत, पण तो एक शब्द मला खरा सापडेना.

"मला पण माहीत नाही, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग माझ्या हाताखालून पंचांग हळूच काढून घेतलं, मिटलेलंच, आणि चळतीवर ठेवून दिलं.

"रविवारी सकाळची नांदुऱ्याची बस घे, तिथून रेल्वे भेटते," ते म्हणाले. "उशीर केला तं ऊन होते. म्या सांगतो पोराले."

मला लगेच उठवेना. इतके महिने ऐकून लागलेली सवय म्हणून असेल, मी विचारलं, "दिवस कसा आहे?"

"नाही पाह्यला," ते म्हणाले.